गाडीवर नाव: भरूच ते हल्दिया, पाण्याने

या हिवाळ्यात बडोद्यातल्या चार-पाच मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले आहेत. अठरा फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड मोटर, दिमतीला एक ट्रेलर. बोट भरूचच्या खाली खाऱ्या पाण्यात उतरवायची आणि हल्दियाला पुन्हा खाऱ्या पाण्यात पोचवायची. अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर, होईल तितकं नर्मदा आणि गंगा या नद्यांतून आणि उरलेलं रस्त्याने. हे टिपण त्या बेताचं वेळापत्रक नव्हे. बेताच्या मागे काय साठलंय, तेवढंच इथे मांडलं आहे.

जुन्या काळात फार रेंगाळायला नको. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत लिहिलंय की भरूचच्या खाडीत शिरणं परक्या जहाजाला जमत नसे. राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे येत आणि भरती पाहून, टप्प्याटप्प्याने थांबत, जहाज ओढून आत नेत. नर्मदा परिक्रमेत मुखापाशी विमलेश्वरहून पलीकडच्या काठावर मिठीतलाईला होडीने जाणाऱ्यांनी हे अंगावर घेतलेलंच आहे. होडी कधी सुटणार हे घड्याळ नाही, भरती ठरवते. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, उधाणाला त्याहून जास्त. ओहोटीत सापडलेली बोट चिखलात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत बसूनच राहते. दोन हजार वर्षांत एवढाच फरक पडला की तेव्हा वाट दाखवणाऱ्याला राजा पगार देत असे.

एकोणिसाव्या शतकात मात्र देशाच्या पोटातून जलमार्ग काढायचा विचार खरोखर झाला होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअरचं म्हणणं होतं की हिंदुस्थानला रुळांपेक्षा कालव्यांची गरज जास्त आहे आणि पाण्यावरून माल फार स्वस्तात जातो. त्याच्या बंधाऱ्याला आणि कालव्यांना नावा वरखाली करणारे जलपाश होते. जलपाश म्हणजे आपण साध्या भाषेत ‘लॉक’ म्हणतो ते. पूर्व किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्यातून चारशेहून अधिक किलोमीटर नावा चालत. आपल्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला, शोण नदीवर डेहरीपासून निघालेल्या कालव्यांतही १८७० च्या दशकात जलपाश बसवले होते. शेताला पाणी आणि नावेला वाट, दोन्ही एकाच खर्चात. पण पैसा रेल्वेकडे गेला. बडोद्याने तर १८६२ मध्येच डभोई ते मियागाम अरुंद रूळ टाकले आणि त्यावर बैलांनी डबे ओढले. पुढे रूळ चांदोदला नर्मदेच्या काठापर्यंत पोचले. नदीपर्यंत रेल्वे आली, नदीतून काही गेलं नाही.

फ्रान्समध्ये अटलांटिक ते भूमध्य समुद्र बोटीने जाता येतं, याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. तिथला मुख्य कालवा १६८१ पासून आहे, लांबी २४० किलोमीटर. त्यातली खरी करामत लांबीची नाही. दोन्ही समुद्रांच्या मधला सर्वांत उंच टप्पा जेमतेम १८९ मीटरवर आहे, आणि त्या टप्प्यावर डोंगरातलं पाणी आणून सोडायची सोय आधी केली, कालवा मग खणला. आपल्याकडे तो उंच टप्पा म्हणजे अमरकंटक, हजार मीटरच्या वर. नर्मदा आणि शोण तिथे जवळजवळ निघतात, एक पश्चिमेला जाते, दुसरी शेवटी गंगेला मिळते. नकाशावर बोट ठेवलं की वाटतं, झालंच की! पण शोण वर्षातला बराच काळ वाळू दाखवते, बाणसागर आणि इंद्रपुरी इथे अडवलेली आहे, आणि उगमापाशी दोन्ही नद्यांत घोट्याएवढंही पाणी नसतं. ‘नर्मदा-शोण जलमार्ग’ हे शब्द जो कुणी उच्चारेल त्याला एकदा अमरकंटकला मे महिन्यात न्यावं.

आता मुख्य घोळाकडे. त्याचं नाव ‘राष्ट्रीय जलमार्ग’.

राज्यघटनेत केंद्राच्या यादीत एक नोंद आहे: संसदेने कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केलेल्या अंतर्गत पाण्यावरची यांत्रिक जहाजवाहतूक. म्हणजे जाहीर केल्याने त्या पाण्यावरच्या वाहतुकीचा कारभार केंद्राकडे जातो. एवढंच. नदी खोल आहे, तीत खुणेचे बोये आहेत, धक्का आहे, असं काही त्या शब्दात नाही. १९८६ मध्ये गंगा जाहीर झाली, अलाहाबाद ते हल्दिया १,६२० किलोमीटर, क्रमांक एक. १९८८ मध्ये ब्रह्मपुत्रा, १९९३ मध्ये केरळचा पश्चिम किनारी कालवा, २००८ मध्ये आणखी दोन. इतकी वर्षं सरकार सावकाश चाललं होतं. मग २०१६ च्या कायद्याने एका फटक्यात संख्या १११ वर नेली. यादीत ठाण्याची खाडी आहे, तापी आहे, आपली मही आहे, आणि ७३ क्रमांकावर नर्मदा आहे: लांबी २२६ किलोमीटर, समुद्रापासून वर.

हा २२६ आकडा नीट पाहावा. सरदार सरोवर धरण समुद्रापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे. म्हणजे जाहीर झालेला जलमार्ग धरणापाशी संपत नाही, धरण ओलांडून पलीकडे साठ-पासष्ट किलोमीटर जलाशयात जातो. पायापासून १६३ मीटर उंच आणि १,२१० मीटर लांब भिंत मध्ये आहे, तिच्यात नावेसाठी जलपाश नाही, लिफ्ट नाही, साधी घसरंडीही नाही. खालच्या अंगाला, धरणापासून बारा किलोमीटरवर, गरुडेश्वरचा बंधारा आहे. तिथेही तेच. तरी कागदावर ती एकच सलग वाट. जहाजाने १६३ मीटरची भिंत कशी ओलांडायची, हे कायद्याने नर्मदामाईवर सोपवलेलं दिसतं.

समर्थक म्हणतील, जाहीर करणं ही पहिली पायरी, अभ्यास मग होतो. ते खरंच आहे. अभ्यास झालेही, आणि १११ पैकी बहुतेक मार्गांवर आजही मालवाहू जहाज चालत नाही. पण शब्दाचा परिणाम पायरीवर थांबत नाही. आमच्या बेतातल्या एकाने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, “नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग आहे, परवानगीचा प्रश्नच येत नाही.” प्रश्न येतो, आणि तीन ठिकाणी येतो: पाणी कुणाचं, धरण कुणाचं, आणि बोट कुणाच्या वहीत.

पाण्याचा निवाडा १९७९ चा. नदीतलं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असे हिस्से झाले. दहा वर्षं चाललेल्या त्या भांडणात धरणाची उंची, कालव्याची पातळी, बुडणारी गावं, वीज, सगळ्यांची बाजू मांडली गेली. वाटपाच्या आकड्यांत नौकानयनाला वेगळा हिस्सा नाही. त्याबद्दल त्या काळाला दोष द्यावा का? कच्छ-सौराष्ट्राला प्यायला पाणी नव्हतं, हौशी बोटवाल्यांची बाजू कोण घेणार! माझी तक्रार दुसरी आहे. १९६१ मध्ये पायाभरणी झाली, पुढे सगळं नव्याने ठरलं, मधे जवळजवळ तीन दशकं होती, आणि गोदावरीवर शंभर वर्षांपूर्वी जे केलं ते इथे करायचं ठरलं नाही. फरक्क्याला गंगेवर केलं, तिथे जलपाश आहे आणि जहाजं जातात. उंच धरणात जलपाश महाग पडतो हेही खरं. तरी मग ती नदी भिंतीपलीकडेपर्यंत जलमार्ग म्हणून जाहीर करू नये.

धरणाखाली पाणी किती राहतं हा आमच्यासाठी सगळ्यात रोखठोक मुद्दा. खाली सोडायचा किमान प्रवाह ६०० क्युसेक धरलेला आहे. एवढ्या रुंद पात्राला हा आकडा म्हणजे भांड्याच्या तळाशी ओलावा. नदीपात्रातलं वीजघर चालू असेल तर पाणी वाढतं, बंद असेल तर दगड वर येतात. भरूचच्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. खारं पाणी वर सरकलं आणि त्यांच्या जाळ्यातली पाला मासळी घटली. भाडभूतला आता नव्वद दरवाजांचा बंधारा उभा राहतो आहे, गोडं पाणी अडवायला आणि खारं रोखायला. कोळ्यांचा त्याला विरोध आहे. बंधारा पुरा झाला की भरूचमधून समुद्रात सरळ जाणंही पूर्वीसारखं राहणार नाही, तेव्हा हा बेत करायचा तर लवकर, असं आमच्यातला वयाने मोठा माणूस म्हणतो. बाकीच्यांना ते घाईचं निमित्त वाटतं.

बोटीच्या वहीचं प्रकरण अलीकडचं आहे आणि थोडं सुटलेलं आहे. १९१७ च्या जुन्या कायद्यात एका राज्यात नोंदलेल्या बोटीला दुसऱ्या राज्यात वेगळी मान्यता लागे. २०२१ च्या नव्या कायद्याने देशभर एकच नोंदणी आणली, तो २०२२ च्या जूनपासून लागू झाला. पाण्याचे झोन लाटांच्या उंचीवरून पडतात. सर्वांत उग्र झोन एकमध्ये लाट दोन मीटरपर्यंत धरलेली आहे. नदीसाठी मंजूर झालेली बोट खाडीच्या तोंडाशी चालतेच असं नाही. आणि ‘समुद्र ते समुद्र’ या बेताची दोन्ही टोकं नेमकी तिथेच आहेत.

टोकं किती कठीण आहेत ते आपल्याच बाजूला दिसलं. दहेज-घोघा रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरी, २०१७ मध्ये सुरू झाली, समुद्राने जेमतेम तीस किलोमीटर, रस्त्याने तीनशेहून जास्त. नावेवर गाडी, म्हण खरी करणारी. दोन वर्षांत दहेजला इतका गाळ साचला की फेरीला खोली उरली नाही. २०१९ मध्ये बंद, २०२० मध्ये हजिऱ्याला हलवली. मोठी यंत्रणा, गाळ काढायचं ड्रेजर, सरकारचा पाठिंबा, सगळं असून नर्मदेच्या मुखाने माती टाकायची ती टाकली.

बडोद्यात ‘बोट’ हा शब्द उच्चारला की जानेवारी २०२४ आठवतो. हरणीच्या तळ्यात सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. त्यानंतर परवानग्यांचा चाप आवळला गेला. तो योग्यच आहे, त्याबद्दल कुरकूर करणाऱ्यांशी मी बोलत नाही. मध्य प्रदेशात त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ आणि इंधनावरच्या मोटरबोटी बंद करायला सांगितलं आणि त्या आदेशाची कक्षा नर्मदेपर्यंत नेली. पेट्रोलच्या मोटरीने पुनासाचा, म्हणजे इंदिरा सागर धरणाचा, जलाशय ओलांडायचा विचार त्यामुळे कठीण झाला. बॅटरीवरची मोटर घेतली तर जलाशयात चालेल, पण गंगेच्या ओढीपुढे किती टिकेल यावर आमच्यात अजून वाद आहे.

पूर्वेकडची बाजू तुलनेने मोकळी. एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगेच्या मुखातून जेटबोटी घेऊन निघाला आणि नंदप्रयागच्या आसपास धबधब्याने अडवेपर्यंत वर गेला. जेटबोटीला खाली पंखा नसतो, त्यामुळे उथळ पाण्यात घासत नाही. आमच्या आउटबोर्डला असतो. अलीकडे हल्दिया ते बाढ तीन मीटर, बाढ ते गाझीपूर अडीच आणि तिथून वाराणसीपर्यंत २.२ मीटर खोली राखायचं काम चाललंय. २०२३ मध्ये एका प्रवासी जहाजाने वाराणसी ते दिब्रुगड, बांगलादेशातून, ३,२०० किलोमीटर कापले. वाराणसीच्या वर, प्रयागराजपर्यंत मात्र हिवाळ्यात पिंपांचे तरंगते पूल पडतात आणि ते उघडून घ्यावे लागतात.

या सगळ्यातून उरतं ते असं: भरूच ते गरुडेश्वर भरतीच्या आणि वीजघराच्या मर्जीने पाण्यातून, तिथून वर ट्रेलर. सरदार सरोवराचा २१४ किलोमीटरचा फुगवटा परवानगी मिळाली तर. ओंकारेश्वर आणि पुनासा या दोन्ही धरणांपाशी पुन्हा ट्रेलर. जबलपूरला धुवांधारच्या अलीकडेच बोट वर काढून थेट प्रयागराजला रस्त्याने. मग गंगा. चातुर्मास संपल्यावर निघायचं, कारण तेव्हा जलाशय भरलेले असतात आणि गंगा अजून आटलेली नसते. त्याच दिवसांत काठाने परिक्रमावासी चालत असतील. नर्मदा ओलांडायची नाही या त्यांच्या नियमाचं काय करायचं, हे आमच्यातल्या एकाच्या आईने विचारलं होतं. बोट उजव्या काठाला धरून चालवू, असं तिला सांगितलंय. ट्रेलरची पासिंग झाली आहे, बोटीचा सर्व्हे बाकी आहे.