मेलेगेटा मिरी: पाहुणचारातली, औषधातली आणि बिअरमधलीही

नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो लोकांच्या घरी पाहुणा आला की सगळ्यात आधी ताटलीत कोला नावाच्या झाडाचं बी येतं आणि त्याच्याबरोबर थोडे लालसर तपकिरी दाणे. घरातला वडीलधारा माणूस कोला हातात घेऊन प्रार्थना म्हणतो, तीसुद्धा इग्बोतच, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही असं तिथे हसत हसत पण ठामपणे सांगतात. मग बी फोडायचं, सगळ्यांनी तुकडा घ्यायचा आणि सोबत ते दाणे चावायचे. कोला कडू आणि तुरट, दाणे झणझणीत, एकदम जमून जातं. कोला पुढे केल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही म्हणा ना.

या दाण्यांना इग्बोत ओसे ओजी म्हणतात, नायजेरियातल्याच योरुबा लोकांच्या भाषेत आतारे, आणि इंग्रजीत अ‍ॅलिगेटर पेपर नाहीतर ग्रेन्स ऑफ पॅरडाइज. शास्त्रीय नाव अफ्रामोमम मेलेगेटा. नावात पेपर असला तरी काळ्या मिरीशी याचं काही नातं नाही, हे झाड आलं, हळद आणि वेलदोड्याच्या कुळातलं. माणसाच्या छातीपर्यंत वाढतं, जांभळट फुलं येतात, मग लालसर बोंडं धरतात आणि ती वाळली की आत दाणेच दाणे. चव आधी मिरीसारखी, मग मागून वेलदोडा आणि थोडासा लिंबाचा वास, आणि तिखटपणा हळूहळू चढत जातो.

योरुबांकडे बारसं आठव्या दिवशी असतं, त्यात मध, मीठ, पाणी, कोला याबरोबर आतारेही मांडतात. एका बोंडात इतके दाणे असतात की घर तसंच भरलेलं राहो असा आशीर्वाद त्यात असतो. बाळाच्या ओठाला लावलं तर किंचितच लावायचं, बाकी मोठ्यांनी चाखायचं.

पण हा मसाला नुसता विधीपुरता नाही बरं का. पश्चिम आफ्रिकेत पोट बिघडलं, जंत झाले, सर्दी खोकला झाला, दात ठणकला, अंग दुखलं की हेच दाणे चावायला देतात किंवा वाटून लावतात. नायजेरियाच्या पेपर सूपमध्ये मटण, मासे किंवा चिकनबरोबर हे दाणे पडतात, शिवाय एहुरू, म्हणजे जायफळासारखं लागणारं एक बी, आणि उदा नावाच्या धुरकट वासाच्या शेंगा. बाळंतिणीला उदा आणि उझिझा नावाची तिथली मिरी घातलेलं गरम गरम सूप देतात, आपल्याकडे सुंठ, डिंक, अळीव देतात ना, तसंच. त्यामुळे हे औषध की जेवण असा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. वर उत्तरेला ट्युनिशियात गालात दग्गा नावाच्या मसाल्यात काळी मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ आणि हे दाणे असे पाचच जिन्नस असतात. मोरोक्कोच्या रास अल हनुत या मसाल्यातही हे सापडतात.

युरोपात हे दाणे पोचले ते सहारा ओलांडून येणाऱ्या तांड्यांबरोबर. कुठून येतात ते तिकडच्या गिऱ्हाइकांना माहीतच नव्हतं, त्यामुळे थेट स्वर्गातून येतात असं नाव पडलं आणि व्यापाऱ्यांनी ते खुशाल चालू ठेवलं, कारण स्वर्गातल्या मालाला भाव चांगला मिळतो! पुढे 1460 च्या दशकात पोर्तुगीज जहाजं आजच्या लायबेरियाच्या किनाऱ्यावर पोचली आणि तो किनारा मिरी किनारा म्हणूनच नकाशात गेला. पण 1498 ला वास्को द गामा कालिकतला आला, मलबारची मिरी समुद्रमार्गे जाऊ लागली, अमेरिकेतून मिरचीही आली, आणि युरोपच्या स्वयंपाकघरातून हे दाणे हळूहळू मागे पडले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर मात्र हे झाड अटलांटिकपार गेलं, सुरीनाममध्ये त्यांच्या वंशजांच्या औषधांत आणि विधींत ते आजही आहे.

इंग्लंडात याचा एक वेगळाच उद्योग चालायचा. बिअरमध्ये हे दाणे टाकले की घशात जळजळ होते आणि पातळ बिअरही कडक वाटते. शेवटी 1816 मध्ये कायदाच झाला, बिअरवाल्याकडे हे दाणे सापडले तर 200 पौंड दंड आणि त्याला विकणाऱ्या औषधवाल्याला 500 पौंड. आता मात्र सॅम्युअल अ‍ॅडम्स या अमेरिकन कंपनीच्या समर एल बिअरमध्ये हे उघडपणे असतात, आणि बॉम्बे सॅफायर जिनमध्येही. बिअरशी जमण्याचं एक कारण म्हणजे यांच्या सुवासिक तेलात ह्युम्युलीन आणि कॅरियोफायलीन असतात, तीच दोन रसायनं हॉप्समध्येही, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांतही, असतात.

आता तिखटपणा कुठून येतो ते बघू. आल्यात जिंजरॉल असतं, सुंठ केली की त्यातल्या काहीचं शोगाओल होतं. या दाण्यांत ही दोन्ही असतातच, वर पॅराडॉल नावाचं तिसरं भावंड. जिभेवरच्या मज्जातंतूंत टीआरपीव्ही1 नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, असतो, तो खरं तर साधारण 43 अंशांच्या वरची उष्णता ओळखतो, पण मिरचीतलं कॅप्सेसिन, मिरीतलं पिपरिन आणि हे पॅराडॉल असले पाहुणे आले तरी तो उघडतो आणि मेंदूला वाटतं तोंड भाजलं. याच रिसेप्टरच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

प्रयोगशाळेत उंदरांच्या पायाची सूज या दाण्यांच्या अर्काने कमी झालेली दिसली आहे, म्हणजे दुखण्यावर लावायच्या परंपरेत काही तथ्य असू शकतं. पण आज नेटवर जो गाजावाजा आहे तो वजन कमी करण्याचा. त्याचं मूळ जपानमधल्या 2013 च्या एका अभ्यासात आहे, 19 तरुण पुरुषांना 40 मिलिग्रॅम अर्क दिला आणि ज्यांच्या शरीरात ब्राऊन फॅट, म्हणजे ऊब तयार करणारी चरबी, सक्रिय होती त्यांचा ऊर्जेचा खर्च थोडा वाढला. ज्यांच्यात ती नव्हती त्यांच्यात तसा फरक पडला नाही. एवढ्यावरून कॅप्सूल विकायच्या म्हणजे कमालच आहे, 19 जणांवरून पोट सपाट होत नसतं.

मला त्याहून रोचक वाटते ती गोरिलांची गोष्ट. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातल्या सखल जंगलातले गोरिला या अफ्रामोमम गटातल्या झाडांचे कोंब आणि फळं भरपूर खातात, आणि प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलांमध्ये हृदयविकार हे मृत्यूचं मोठं कारण आहे. आहारातून हे झाड गेल्याचा त्याच्याशी संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं. सिद्ध झालेलं नाही, बंदिस्त जागा, कमी हालचाल, वेगळं खाणं, बाकीची कारणंही आहेतच, पण शक्यता तपासण्यासारखी नक्की आहे.

लंडनच्या पेकहमसारख्या भागात राहत असाल तर नायजेरियन दुकानांत अख्खी बोंडं मिळतात. सुटे दाणे घेण्यापेक्षा तीच घ्या, वास टिकतो. काळी मिरी जिथे घालता तिथे घालून बघा, भाजलेली वांगी, अंडी, अगदी अननसावरसुद्धा, फक्त आयत्या वेळी कुटा आणि गॅस बंद करताना घाला, जास्त उकळलं की वेलदोड्याचा तो वास उडून जातो. गरोदर बायकांनी मात्र जपून, अर्काचे मोठे डोस तर नकोच, कारण उंदरांवरच्या प्रयोगांत गर्भावर वाईट परिणाम दिसले आहेत.