खात्री करून घेतल्याने खात्री का जाते?

‘एवढा शिकलेला, आणि एवढंही कळत नाही?’ ज्या घरात मंत्रचळ, म्हणजे आता सगळे ओसीडी म्हणतात तो आजार असतो, तिथे हे वाक्य हमखास ऐकू येतं. खरं तर त्याला कळत असतं. गॅस बंद असणार, हात स्वच्छ असणार, हे बहुतेक रुग्णांना कळत असतं, तरी शंका जात नाही. तरी दोन जिने उतरलेला माणूस परत वर येतो, कुलूप काढतो आणि शेगडीची बटणं चाचपून बघतो. म्हणूनच नुसतं समजावून हा आजार जात नाही.

मग कशाने जातो? १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी एक धाडसी उपाय प्रसिद्ध केला. रुग्णाला ज्याची धास्ती वाटते त्यालाच हात लावायला सांगायचं आणि नंतर हात धुऊ द्यायचे नाहीत. परिचारिका सतत सोबत, खोलीतले नळ बंद. आज अशी सक्ती करत नाहीत. रुग्णाच्या संमतीने, सोप्या पायरीपासून अवघड पायरीकडे जातात. या पद्धतीला ईआरपी म्हणतात. तिचे दोन भाग: भीतीला सामोरं जाणं आणि त्यानंतरची ठरलेली कृती रोखणं.

यातला कोणता भाग काम करतो? मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हात धुण्याचा मंत्रचळ असलेल्या ३२ जणांवर हे तपासलं. नुसतं सामोरं गेलेल्यांची भीती जास्त कमी झाली, नुसती कृती रोखलेल्यांचं धुणं जास्त कमी झालं. दोन्ही केलेल्यांना सगळ्यात जास्त गुण आला.

कृती रोखणं इतकं महत्त्वाचं का, याचं मला सर्वात आवडलेलं उत्तर नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात आहे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये संगणकावर एक गॅसची शेगडी तयार केली. प्रयोगात भाग घेणारे निरोगी विद्यार्थी होते, कोणालाही मंत्रचळ नव्हता. एका गटाने बर्नर चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तपासले, दुसऱ्या गटाने तितक्याच वेळा दिवे तपासले. शेवटी दोन्ही गटांनी एकदा शेगडी तपासली. मग दोघांना विचारलं, शेगडीचे कोणते बर्नर तुम्ही शेवटी तपासले? उत्तरांच्या अचूकतेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण शेगडी वारंवार तपासलेल्यांना ती आठवण फिकट, धूसर वाटत होती आणि आपल्याच उत्तरावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

असं का व्हावं? पहिल्यांदा बटण फिरवताना आपण त्याचा स्पर्श, खटका, विझणारी ज्योत, सगळं टिपतो. विसाव्यांदा मेंदू एवढे कष्ट घेत नाही. ‘बटण फिरवलं’ एवढीच कोरडी नोंद राहते, चित्र राहत नाही. आणि आठवण खरी की कल्पना, हे आपण बहुतेक वेळा त्या चित्राच्या ठसठशीतपणावरून ठरवतो. चित्र नाही म्हणून शंका येते, शंका येते म्हणून माणूस पुन्हा तपासतो, आणि तपासलं की चित्र आणखी पुसट होतं. कॅनडात पुढे हाच प्रयोग खऱ्या शेगडीवर झाला, तेव्हाही भरवसा असाच ढासळला. म्हणजे शंकेवरचा उपाय म्हणून केलेली कृतीच शंकेला खतपाणी घालते.

एकदा हे कळलं की इतर उपचारांची तुलना सोपी होते. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये मांडलेली विचारपद्धती सांगते की नको ते विचार हा रोग नव्हे. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा गेल्या तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार आल्याचं ९४ टक्क्यांनी सांगितलं. ‘मनात आलं म्हणजे मीच जबाबदार’ हा अर्थ माणूस त्या विचाराला लावतो, तिथे घोळ होतो. विचाराला लावलेला हा अर्थ बदलण्याचे उपचार चाचण्यांत ईआरपीच्या जवळपास येतात. त्यातही रुग्णाकडून छोटे प्रयोग करून घेतात, त्यामुळे दोघांतली सीमारेषा पुसटच आहे. विचारांशी न भांडता त्यांना असू देण्याची एसीटी ही पद्धत २०१८ मध्ये ५८ जणांच्या चाचणीत ईआरपीला जोडून पाहिली. नुसत्या ईआरपीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही.

आणि औषधं? फोआ यांच्याच २००५ च्या चाचणीत १२२ जण होते. ईआरपीने ६२ टक्के, क्लोमिप्रमिन या औषधाने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० टक्के आणि खोट्या गोळीने ८ टक्के लोकांना गुण आला. औषधाचा उपयोग होतो, ते डॉक्टरांना न विचारता सोडू नये.

मनगटाला रबरबँड लावून ‘विचार थांबवा’ सांगणारे व्हिडिओ मात्र पाहू नयेत. विचार दाबला की तो उसळी घेऊन वर येतो. उतारा, गंडा, अनुष्ठान यांचा धोका तर दुप्पट आहे. देवळात उभं असताना मनात अभद्र विचार आला म्हणून कोणी रोज १०८ वेळा जप करायला सांगितला, तर काही दिवसांतच ‘आकडा चुकला का?’ ही नवी शंका सुरू होते. असा उपाय सांगणारा माणूस आजाऱ्याच्या हातात आणखी एक शेगडी देतो.

घरच्यांचं ‘अगं, बंद आहे, मी पाहिलंय’ हेसुद्धा तपासणंच, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी. म्हणून ईआरपी करणारे अनेकदा आईवडिलांनाही सोबत बोलावतात आणि एक वेगळं उत्तर शिकवतात: ‘तुला शंका आलीय, मला दिसतंय. याचं उत्तर मी देणार नाही, पण शंका ओसरेपर्यंत तुझ्याजवळ बसते.’