यताई आणि तेथील खाण्याचे शिष्टाचार

जपानमध्ये रस्त्याकडेला किंवा उत्सवाच्या आवारात तात्पुरत्या उभारल्या जाणाऱ्या खाद्यगाडीस यताई म्हणतात. ताकोयाकी (आप्पेपात्रासारख्या साच्यात भाजलेले, आत ऑक्टोपसचा तुकडा असलेले गोळे), याकिसोबा (तव्यावर परतलेल्या नूडल्स) आणि काडीला टोचून कोळशावर भाजलेले मांसाचे तुकडे हे तेथील नेहमीचे पदार्थ होत.

पदार्थ जेथे विकत घेतला तेथेच उभे राहून तो संपवावा, हा या शिष्टाचाराचा गाभा आहे. उत्सवाच्या गर्दीत चालता चालता खाणे खपवून घेतले जाते. मात्र क्योतो येथील निशिकी बाजाराच्या अरुंद गल्लीत तसे न करण्याची विनंती व्यापारी पाट्या लावून करतात, कारण काडीवरचा सॉस शेजाऱ्याच्या कपड्यांना किंवा मांडलेल्या मालाला सहज लागतो. कामाकुरा शहराने २०१९ मध्ये याविषयी नियमही केला. त्यात दंडाची तरतूद नाही. कचऱ्याचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. १९९५ च्या तोक्योतील सारिन वायुहल्ल्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर हटवण्यात आल्या, त्यामुळे रिकामे द्रोण व काड्या त्याच गाडीवाल्याकडे परत द्याव्यात, अन्यथा मुक्कामापर्यंत पिशवीत बाळगाव्यात. दुसऱ्या दुकानाच्या पेटीत त्या टाकणे असभ्य मानले जाते.

फुकुओका शहरातील नाकासु, तेनजिन व नागाहामा भागांतील यताईंवर मात्र बसून खातात. एका गाडीवर जेमतेम दहाएक जण मावतात. म्हणून प्रत्येकाने निदान एक पदार्थ किंवा पेय मागवावे, सामान पायाशी आटोपशीर ठेवावे आणि मागे कोणी ताटकळत असल्यास गप्पा आवरून उठावे, अशी अपेक्षा असते. या गाड्यांचा व्यवसाय २०१३ च्या नगरपालिका नियमांखाली चालतो.

ओसाकाच्या शिनसेकाई भागातील कुशिकात्सुच्या (काडीला टोचून तळलेले मांस व भाज्या) छोट्या दुकानांतील दंडक अधिक कडक आहे. तळलेली काडी सामाईक सॉसमध्ये एकदाच, तीही चावण्यापूर्वी बुडवायची. सॉस कमी पडल्यास सोबत दिलेल्या कोबीच्या पानाने तो उचलून घ्यायचा. उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. कोविड साथीनंतर अनेक दुकानांनी सॉस बाटलीतून देण्यास सुरुवात केली आहे.

बक्षिसी देण्याची प्रथा नाही. शाकाहारी प्रवाशांनी पदार्थ मागवण्यापूर्वीच चौकशी करावी, कारण भाज्यांच्या ओकोनोमियाकीवरही (कोबी घातलेले जाड धिरडे) बोनिटो माशाचे कीस भुरभुरवतात आणि साध्या दिसणाऱ्या रश्शाचा आधार बहुधा त्याच माशाचा अर्क असतो.