वणवा डोंगर का चढतो, आणि हुकमाची वाट कुणी पाहायची?

फेब्रुवारी-मार्चात साताऱ्यातल्या गच्चीवरून एखाद्या रात्री यवतेश्वराच्या डोंगरावर तांबडी माळ सरकताना दिसते. लगेच मोबाइलवर फोटो फिरतात आणि खाली ठरलेला शेरा: "वनखातं झोपलंय का?" खात्याचं नंतर पाहू. आधी आगीचं.

काडीपेटीतली काडी पेटवून गूल खाली धरा, ज्योत सरसर बोटांकडे येते. गूल वर धरा, तीच काडी रेंगाळत जळते. डोंगरावर हेच घडतं. चढावर ज्योत वरच्या गवताच्या जवळ येते, तापलेली हवा उताराला चिकटून वर सरकते. वरचं गवत आधी कडकडीत वाळतं, मग सुमारे 300 अंश सेल्सिअसला त्यातलं सेल्युलोज फुटून वायू सुटतात. ज्योत असते ती या वायूंची. म्हणजे वणवा पुढचं सरपण स्वतःच तयार करत जातो. ढोबळ नियम असा, की दर 10 अंश चढाला वेग दुप्पट. 30 अंशांवर सपाटीच्या आठपट. त्यात दुपारचा वारा दरीतून वरच वाहतो. अशा आगीच्या वर उभं राहून विझवायला जाणं म्हणजे जीव देणं. जाणती माणसं आधीच जळून गेलेल्या बाजूने, कडेने शिरतात आणि ओल्या डहाळ्यांनी झोडपतात.

आता वेळेचा हिशेब. उपग्रहावरचं व्हीआयआयआरएस उपकरण 375 मीटरच्या चौकटीत आग टिपतं आणि भारतीय वन सर्वेक्षण मोबाइलवर इशारा धाडतं. पण एकेक उपग्रह दिवसातून साधारण दोनदाच डोक्यावरून जातो. तो गेल्यावर पेटलेलं गवत पुढच्या फेरीपर्यंत राख झालेलं असतं. वणव्यावर ड्रोन हाच उपाय म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ड्रोन आग दाखवतो, झोडपत नाही.

गंमत म्हणजे आगीपुढे हुकमाची वाट पाहायला वेळ नसतो, हे 1927च्या भारतीय वन कायद्याला ठाऊक होतं. कलम 79 सांगतं, की राखीव वा संरक्षित वनात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क असलेल्याने आग कळताच ती विझवायला लागावं, अधिकाऱ्याने सांगितलेलं असो वा नसो. कलम 26 तर राखीव वनात मुद्दाम आग लावल्यास त्या भागातली चराई बंद करायची मुभा सरकारला देतं. तरीही "जाळलं की गवत जोमात येतं" ही समजूत हटत नाही. गवतातला बराचसा नायट्रोजन धुरात जातो, आणि उरलेली राख उतारावर पहिला वळीव धुऊन नेतो.

खरी अडचण हद्दीची. वणवा अनेकदा मालकी पडीक रानात किंवा गायरानात पेटतो आणि तिथून वनात शिरतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, जंगल मात्र वनखात्याच्या ताब्यात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, आखल्या जातात त्या वनाच्या हद्दीत, थंडीतच. हद्दीबाहेरचं गवत तसंच उभं राहतं.