मासळी नासू नये म्हणून : कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या हक्कांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यातलं कलम 66 बहुतेकांना अर्धंच ठाऊक असतं. सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेबाहेर बाईला कारखान्यात कामाला लावायचं नाही. राज्य सरकार वेळ थोडी मागेपुढे करू शकेल, पण रात्री 10 ते पहाटे 5 कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम मात्र आपल्या किनाऱ्यासाठीच लिहिल्यासारखं होतं. मासळी खारवणाऱ्या आणि डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतल्या स्त्रियांना या बंदीतून सूट देणारे नियम राज्य सरकार करू शकत होतं. अट एकच, कच्चा माल खराब होऊ नये म्हणून ते काम गरजेचं असलं पाहिजे.

ही सूट 1948 मध्ये अचानक सुचलेली नव्हती. स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर 1919 मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातही लवकर नासणाऱ्या मालाचा अपवाद होता. इंग्रजी अमलात कोकण किनाऱ्यावर मासळी खारवण्याची सरकारी आवारं होती, तिथे करमुक्त मीठ मिळायचं. कायद्यातलं ‘खारवणं’ त्या जुन्या धंद्यातून आलेलं.

रात्रीची बंदी बाईच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी घातली, असंच नेहमी सांगितलं गेलं. ते खरं मानलं तर या अपवादाचं समर्थन होत नाही. कोकणातून गिरणगावात गेलेल्या बाईला कायद्याने रात्री साच्यापासून दूर ठेवलं आणि गिरण्यांत रात्रपाळ्या वाढल्या तसं त्यापायी तिचं कामही आकसत गेलं. तिचीच मागे राहिलेली बहीण मासळीवर रात्रभर बसली तर चालणार होतं. सूत सकाळपर्यंत टिकतं, कोळंबी टिकत नाही. म्हणजे संरक्षण द्यायचं की नाही, हे बाईची गरज पाहून ठरलं नाही, माल किती तास तग धरतो यावर ठरलं. या कलमाची चर्चा होते तेव्हा एवढी ढळढळीत गोष्ट बाजूला राहते, याचं वाईट वाटतं.

पुढे धंदा बदलला. ट्रॉलर आले, कोळंबी गोठवून परदेशी जाऊ लागली, रत्नागिरीपासून तळोज्यापर्यंत प्रक्रिया कारखाने उभे राहिले. गोठवणं म्हणजे खारवणं नव्हे आणि डबाबंद करणंही नव्हे, पण कायद्याचे शब्द 1948 चेच राहिले. त्यात सोलण्याचं काम बहुधा कारखान्याबाहेर वेगळ्या शेडमध्ये चालायचं. विजेवर चालणारं काम असेल तर 10 आणि नसेल तर 20 कामगार असल्याशिवाय कारखाने कायदा लागूच होत नसे, त्यामुळे लहान शेडमधल्या बाईला बंदीही नव्हती आणि सूटही. युरोपने 1997 मध्ये भारतीय मासळीची आयात काही काळ थांबवली, तेव्हा स्वच्छतेच्या कारणावरून सोलण्याचं काम कारखान्याच्या आत आणावं लागलं. बायका आत आल्या, पण त्यांची हजेरी ठेकेदाराकडेच राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या निकालाने तर स्पष्टच केलं की एखाद्या कामावरची कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत.

काम कसं चालतं ते पाहिलं की समान वेतनाचा प्रश्न कुठे अडतो हे कळतं. स्टीलच्या टेबलाभोवती बायका उभ्या असतात. कोळंबीचं डोकं पिरगळून काढायचं, कवच सोडवायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा आणि सोललेला माल बर्फाच्या पाण्यात टाकायचा. तासातासाला बोटांची सालं निघतात, म्हणून कोणी चिंध्या बांधतं, कोणी फुग्याचं रबर चढवतं. मजुरी किलोवर. पुरुष बर्फ फोडतात, प्लेट फ्रीझर भरतात, गाडी लोड करतात आणि त्यांना रोजंदारी किंवा पगार मिळतो. 1976 चा समान वेतन कायदा ‘तेच किंवा समान स्वरूपाचं काम’ असेल तर लागू होत असे. सोलायला पुरुषच नसेल, तर तुलना करायची कुणाशी?

इथे सर्वोच्च न्यायालयाचा 1981 चा एक निकाल आडवा येतो. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना वयाच्या 35 व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर किंवा पहिल्या गरोदरपणाला नोकरी सोडावी लागे. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची ठेवली. पुरुष कर्मचाऱ्यांचा संवर्ग वेगळा आहे, म्हणून भेदभाव नाही, असं म्हटलं. हा फरक स्त्री-पुरुष भेदामुळे नाही असं सांगणाऱ्या, 1979 मध्ये सरकारने काढलेल्या अधिसूचनेचाही आधार घेतला. 1987 मध्ये त्याच न्यायालयाने मुंबईतल्या स्त्री लघुलेखिकांच्या बाजूने कौल देताना किरकोळ फरकांवर अडून बसू नका, कामाकडे ढोबळमानाने पाहा, असं बजावलं. वकील दोन्ही निकाल दाखवतात, पण शेडमधल्या परिस्थितीला पहिलाच जास्त चिकटतो. आधी कामं वेगळी पाडा, मग वेगळा दर वैध ठरतो.

प्रसूती लाभासाठी आधी 160 दिवस भरावे लागत, 1988 च्या दुरुस्तीपासून 80 पुरतात. कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तरी 80 दिवस सहज भरतात. मात्र ते भरल्याची नोंद हवी. केरळहून आणलेल्या मुलींना 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्याने प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता देऊ केला होता, त्यालाही ठेकेदाराचीच वही आधार. छळाची तक्रार 10 पेक्षा कमी कामगारांच्या शेडमधून करायची तर 2013 च्या कायद्याने जिल्हा पातळीवर समिती दिली आहे.

कलम 66 च्या बंदीला दक्षिणेतल्या एका उच्च न्यायालयाने 2000 मध्ये घटनाबाह्य ठरवलं. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी 1948 आणि 1976 चे दोन्ही कायदे पोटात घेतले. आता रात्री काम करायला कोणत्याही आस्थापनेत बाईची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. मासळीसाठीचा वेगळा अपवाद उरला नाही, पण ‘समान स्वरूपाचं काम’ ही मोजपट्टी तशीच पुढे आली. बोटी संध्याकाळी लागल्या की माल रात्रीच सोलावा लागतो. आज रात्री येत नाही म्हणणाऱ्या बाईचं नाव उद्या मुकादमाने हजेरीत घेतलंच पाहिजे, असं मात्र संमतीच्या त्या कलमात कुठे लिहिलेलं नाही.