थंड हवामान आणि डेटा सेंटर

हजारो सर्व्हर (माहिती साठवणारे आणि पुरवणारे संगणक) एका छताखाली अहोरात्र चालवणारी इमारत म्हणजे डेटा सेंटर. सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती सतत इमारतीबाहेर काढावी लागते. बाहेरची हवा मुळातच गार असेल तर पंख्यांवर भागते, कॉम्प्रेसर फारसा चालवावा लागत नाही. मोठी केंद्रे थंड प्रदेशात उभारावीत हा विचार यातून आला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजशी तुलना केली तर हे नीट उलगडते. बेदाणा स्वतः तापत नाही. जाड इन्सुलेशनच्या भिंती बाहेरची उष्णता अडवतात, त्यामुळे वीज गेली तरी दार न उघडता काही तास निभावते. सर्व्हरच्या दालनात उष्णता आतच तयार होते. कूलिंग बंद पडले की मिनिटांत पारा चढतो. आणि सर्व्हरला बेदाण्याइतकी थंडी लागतही नाही. आत जाणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असली की पुरे.

हरिपूरची पेवेही इथे आठवतात. कृष्णा-वारणा संगमाजवळच्या मातीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे (२००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली). जमिनीच्या पोटातला गारवा हळदीला पुरतो, कारण हळद निपचित पडून असते. नॉर्वेत जुन्या खाणीत वसवलेल्या लेफ्डाल केंद्राला मात्र खडकाचा गारवा पुरत नाही. शेजारच्या फ्योर्डचे (समुद्राच्या अरुंद, खोल खाडीचे) थंड पाणी वापरावे लागते.

थंडीचा फायदा पीयूई या गुणोत्तरात दिसतो. केंद्राची एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज म्हणजे पीयूई. सर्व्हरचा भार १० मेगावॅट धरला तर १.५ पीयूईला १५ मेगावॅट लागतात, १.१ ला ११. दिवसाला ९६,००० युनिटची बचत होते, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. फेसबुकने २०१३ मध्ये स्वीडनमधील लुलेओ येथे केंद्र सुरू केले. गूगलने फिनलंडमधील हामिना येथील जुन्या कागद गिरणीत समुद्राच्या पाण्यावर कूलिंग बसवले. अशा गावांत बाहेर पडणारी उष्णताही वाया जात नाही. डेन्मार्कमधील ओडेन्सेत तिच्यावर घरे उबदार होतात.

तरीही लुलेओ निवडताना थंडीइतकेच वजन तिथल्या स्वस्त जलविद्युतेला होते. जगातील सर्वांत मोठा डेटा सेंटर समूह अमेरिकेच्या उत्तर व्हर्जिनियात आहे आणि तिथला उन्हाळा चांगलाच दमट असतो. फायबरचे जाळे, खात्रीची वीज आणि जवळचे ग्राहक यांनी ती जागा ठरवली. अंतरालाही किंमत आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईहून लुलेओला जाऊन यायला सरळ रेषेतही ६० मिलिसेकंदांहून अधिक लागतील. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानात स्कॅन केलेल्या क्यूआर कोडचा हिशेब स्वीडनमध्ये ठेवता येत नाही.

मग आपले महाबळेश्वर का नको, हा प्रश्न स्वाभाविक आहे. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, वर्षातले बरेच तास हवा २७ अंशांखाली असते. पण पावसाळ्यात ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि महिनोन्‌महिने धुके. ती ओली हवा थेट सर्व्हरवर सोडली तर धातूला गंज चढतो; कोरडी करून घ्यायची तर वीज खर्ची पडते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे असा प्रकल्प आणू नये, हेच योग्य. कोयना धरण सातारा जिल्ह्यातलेच, मात्र त्यावरची १,९६० मेगावॅटची जलविद्युत मुख्यतः कमाल मागणीच्या वेळेसाठी राखलेली असते, आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्याच खोऱ्यातला.

सांगलीचा पूर्व भाग याच्या उलट, उन्हाळ्यात तापलेला आणि कोरडा. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कूलिंग उत्तम काम करते, आपला डेझर्ट कूलर चालतो तसेच. परंतु टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या आटपाडी-जतमध्ये ते पाणी हवेत उडवणे अन्यायाचे होईल. तिथे बंद चक्रात तेच पाणी फिरवणारी यंत्रणा घ्यावी लागेल, आणि तिला वीज जास्त लागते.