दसऱ्याचा ऊद आणि लंडनचा ऊद

गेल्या दसऱ्याला भाचा लंडनहून आला तो माझ्यासाठी अत्तराची एक काळपट बाटली घेऊन. "मावशी, हा खास ऑटमचा परफ्यूम. तिकडे ऑक्टोबर लागला की सगळे असेच गडद वास बाहेर काढतात." बाटलीवर ऊद, लॅब्डानम, बेंझॉइन अशी नावं होती. ऑक्टोबर आमच्याकडेही होताच. दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटांवर आणि मानेवर फवारा मारून मी ठाण्याहून वाशीची लोकल पकडली. ऐरोली येईपर्यंत शेजारच्या बाईंनी पदर नाकाशी धरला होता. रबाळ्याला त्या उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि घणसोली येता येता माझंच डोकं चढलं.

भाच्याला फोन केला, तर म्हणाला, "तिकडे तर कुणी जवळ आलं तरच कळतो हा वास."

बरोबरच बोलत होता. आणि का बरोबर, हे समजून घ्यायला आपल्या घरातलं धुपाटणं पुरेसं आहे. नवरात्रात संध्याकाळी निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकतो ना, तो ऊद आधी डब्यातच हुंगून पाहा. जेमतेम गोडसर, थोडा व्हॅनिलासारखा वास येतो. तोच निखाऱ्यावर पडला की जिन्यातून उतरून खालच्या मजल्यावर जातो. (त्यातला काही भाग जळून धूर होतो आणि बंद खोलीत तो धूर छातीला बरा नाही, हे तान्ह्या बाळाला धुरी देणाऱ्या घरांनी विसरू नये.) धुराचा भाग सोडून दिला तर ऊद तोच आहे, बदललं ते तापमान.

वास येतो म्हणजे पदार्थाचे रेणू सुटून हवेत उडतात आणि नाकाच्या छतापाशी असलेल्या पेशींवर जाऊन बसतात. किती रेणू उडतील हे त्या पदार्थाच्या बाष्पदाबावर, म्हणजे हवेत उडण्याच्या त्याच्या ओढीवर ठरतं. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन घ्या आणि ऊदातही थोडंसं सापडणारं व्हॅनिलिन घ्या. नेहमीच्या खोलीत लिमोनीनचा बाष्पदाब व्हॅनिलिनच्या दहा हजार पटींहून जास्त असतो. म्हणून लिंबू सोललं की सगळ्या घराला कळतं आणि पाच मिनिटांत विसरलंही जातं. व्हॅनिलिन मात्र कपड्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत चिकटून राहतं.

इथे मी वर्गात नेहमी एक प्रश्न टाकायचे: व्हॅनिलिनचा रेणू जड असतो म्हणून तो उडत नाही का? मुलं एका सुरात "हो" म्हणायची. पण लिमोनीनचा रेणुभार १३६ आणि व्हॅनिलिनचा १५२. एवढ्याशा फरकाने दहा हजार पट कशी होईल? खरं कारण वजनात नाही, चिकटपणात आहे. व्हॅनिलिनच्या रेणूवर ऑक्सिजनचे अणू अशा जागी बसलेत की रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. लिमोनीनमध्ये नुसते कार्बन आणि हायड्रोजन. एकमेकांना धरायला हातच नाहीत. गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवर एकटा माणूस चटकन डब्यात चढतो, हात धरून आलेलं दहा जणांचं कुटुंब नाही. रेझिनातल्या, म्हणजे ऊदासारख्या झाडाच्या डिंकातल्या, बाकीच्या बऱ्याच रेणूंच्या बाबतीत वजनही भर घालतं, पण नुसतं वजन बघून अंदाज बांधला तर तो चुकतो.

आता ऑक्टोबरकडे येऊ. तापमान वाढलं की सगळेच रेणू जास्त उडतात, पण सारख्या पटीने नाही. जो रेणू जास्त घट्ट धरलेला, त्याला उष्णतेचा फायदा पटीच्या हिशेबात जास्त मिळतो. लंडनमध्ये ऑक्टोबरच्या दुपारी हवा साधारण १५ अंशांवर असते, ठाण्यात ३३ च्या पुढे. ढोबळ हिशेब करून पाहिला, तर मफलरवर लावलेल्या अत्तरातल्या लिंबाच्या वासाचा बाष्पदाब या फरकाने सव्वातीन पट होतो, पण रेझिनाच्या एखाद्या घट्ट रेणूचा सातपट. रेणूगणिक आकडा बदलेल, दिशा बदलणार नाही. म्हणजे बाटली तीच राहते, मिश्रण मात्र राहत नाही. तिकडे हळूहळू, तासातासाने उलगडणारा वास इकडे पहिल्या अर्ध्या तासातच आपली सगळी गडद बाजू बाहेर काढतो. आमची लोकल म्हणजे धावतं धुपाटणं झालं होतं.

मनगटावर हा फरक थोडा कमी पडतो, कारण त्वचेला आतून रक्ताची ऊब मिळते; साध्या हवेत ती ३२-३४ अंशांच्या आसपास असते. थंडीत मात्र उघडी मनगटं चांगलीच गार पडतात. कपड्याला आतून ऊब देणारं कुणी नाही, तो हवेच्या तापमानाला येऊन बसतो. त्यामुळे गडद अत्तर उकाड्यात कुठे लावावं याचं माझं उत्तर आहे: बाहेर दिसणाऱ्या कपड्यावर नको, गळ्यावरही नको, एक थेंब, आणि तोही कोपराच्या आत. पांढऱ्या झब्ब्यावर तर अजिबात नको. व्हॅनिलिन असलेली अत्तरं हवा-उजेडाने तपकिरी होत जातात आणि तो डाग दिवाळीच्या फोटोंत कायम राहतो.

आणि आपल्याला आपला वास कळेनासा होतो, ही आणखी एक अडचण. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. मग वाटतं उडून गेलं, आणि माणूस पुन्हा फवारा मारतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये जे सापडतात त्यांना विचारा.

भाच्याच्या बाटलीवरच्या "ऊद" या शब्दाने मात्र मला जास्त छळलं. जांभळी नाक्यावर पूजासाहित्याच्या दुकानात मी नेहमी ऊद घेते. त्या दिवशी मुद्दाम विचारलं, हा आणि अत्तरातला ऊद एकच का? दुकानदार हसले. "ताई, तो अरबांचा ऊद. आपला जाळायचा, त्यांचा लावायचा."

एका वाक्यात त्यांनी सगळं सांगितलं. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि सुगंधाच्या संदर्भात अगराचं लाकूड. मराठीत आल्यावर हा शब्द वेगळ्याच वस्तूला चिकटला: सुमात्रा, लाओस या भागांतल्या स्टायरॅक्स झाडांच्या डिंकाला. उदबत्तीतला ऊद हाच. या डिंकाला अरब व्यापारी "लुबान जावी", जावाचा लोबान म्हणायचे. युरोपात ते नाव घासून घासून बेंझॉइन झालं. त्यातल्या आम्लाला बेंझॉइक आम्ल म्हटलं गेलं आणि १८३३ मध्ये मिट्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते आम्ल चुन्याबरोबर तापवून जो द्रव मिळवला, त्याचंही नाव त्यावरूनच पडलं. तो द्रव म्हणजे आजचं बेंझीन. फॅरेडेने तो १८२५ मध्येच दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून वेगळा काढला होता, पण त्याने दिलेलं नाव टिकलं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनांच्या कारखान्यांत ज्या शब्दाशिवाय दिवस जात नाही, तो शब्द आपल्या धुपाटण्यातून निघालेला आहे. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होती. तोवर बेंझीन तीसेक वर्षं शिकवलं होतं.

भाच्याच्या बाटलीत बेंझॉइन होतं, म्हणजे आपला ऊदही होता आणि अरबांचाही होता. एकाच बाटलीत दोन ऊद!

अगराची गोष्ट अगदी वेगळी. अ‍ॅक्विलेरिया हे झाड आसामात आणि आग्नेय आशियात वाढतं. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. आसामात याला सांची म्हणतात. तिथल्या जुन्या पोथ्या याच झाडाच्या सालीवर लिहिल्या गेल्या. खोडाला भोकं पाडणारी एक अळी आत शिरते, तिच्यामागून बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवायला जखमेभोवती काळं रेझिन साठवू लागतं. वर्षानुवर्षं. रेझिनाने भरलेलं लाकूड इतकं जड होतं की पाण्यात बुडतं. चिनी भाषेत त्याचं नावच "बुडणारा सुगंध" अशा अर्थाचं आहे. आसामातलं होजाई हे या व्यापाराचं मोठं गाव. सुगंधासाठी आजारी झाड हवं आणि बाहेरून पाहून आजार ओळखणं कठीण, म्हणून जंगलात चांगली झाडंही तोडली गेली. १९९५ पासून आसामातल्या जातीचा आणि २००५ पासून या सबंध प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या नियमांखाली आहे. साहजिकच ऊद म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी बाटल्यांत अस्सल अगर नावापुरता असतो, किंवा तेवढाही नसतो.

अगर आपल्याला नवा नाहीच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ऋतुचर्येचा अध्याय आहे. त्यात हेमंतात केशर-कस्तुरीचा लेप आणि अगराची धुरी सांगितली आहे. आणि शरदात? चंदन, वाळा, कापूर. म्हणजे ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो त्या दिवसांत अगर नको, तो पुढच्या ऋतूत. माझ्या लोकलमधल्या प्रयोगाचा निकाल तिथे आधीच लिहून ठेवलेला आहे. कुणी लगेच "आपल्या पूर्वजांना बाष्पदाब ठाऊक होता" असा संदेश पुढे पाठवू नये. बाष्पदाब ठाऊक नव्हता, नाक होतं, आणि उकाड्यात अगर लावलेली माणसं आजूबाजूला होती. कनौजच्या अत्तरवाल्यांचाही कल हाच: उन्हाळ्यात खस, गुलाब, केवडा, थंडीत हिना आणि शमामा. शमामा मसाल्यांचं आणि मुळ्यांचं अत्तर. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही त्यात पडतं.

घोळ भाषांतराचा आहे. ऑटम म्हणजे शरद असं आपण शाळेत घोकलं. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. ढग हटतात, जमीन ओली, ऊन थेट. आपला शरद म्हणजे दुसरा उन्हाळा. त्यांचा ऑटम आपल्याकडे भेटतो तो दोन ठिकाणी. एक, ऐरोलीतल्या काचेच्या इमारतींत, जिथे बाराही महिने २३-२४ अंश असतात. तिथे गडद अत्तर शहाण्यासारखं वागतं, फक्त तीच हवा सगळा मजला फिरून परत येते, तेव्हा शेजारच्या खुर्चीचाही विचार करावा. दुसरं ठिकाण डिसेंबरमधलं येऊर, ठाण्याला लागूनचा डोंगर. भल्या सकाळी फाटकापासून वर चढताना मी तीच बाटली पुन्हा काढली, एक थेंब. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. मग चढाने अंग तापलं आणि शालीतून ऊद आला. आधी आपला, मागाहून त्यांचा.

अशा वासांना "ऊबदार" का म्हणतात, याचं बरंचसं उत्तर सवयीत असावं: देवघर, शेगडी, खीर. पण एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. खऱ्या लोबानाच्या (जावाच्या नव्हे, बॉसवेलिया) जातीच्या झाडांच्या डिंकात इन्सेन्सोल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन असतं. ते त्वचेत ऊब जाणणाऱ्या टीआरपीव्ही-३ या प्रथिनाला चालना देतं, असं २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. उंदरांवर, आणि ते रसायन शरीरात सोडून. अत्तर हुंगून अंगात ऊब येते असा त्याचा अर्थ नाही.

शरदात गडद वास हवाच असेल तर आपल्याकडे एक आहे, आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातच निघतो: नरकचतुर्दशीचं उटणं. त्यातला नागरमोथा ही गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीची मुळाशी असलेली गाठ. तिचं तेल धुरकट, मातकट, लाकडासारख्या वासाचं. परदेशी कारखाने ऊदाचा भास निर्माण करायला ते सर्रास वापरतात. म्हणजे भाच्याच्या बाटलीतही ते असण्याची शक्यता आहे. आपण ते तेल लावलेल्या अंगावर चोळतो आणि पाच मिनिटांत धुऊन टाकतो. उकाड्यासाठी याहून बरी मात्रा मला सुचत नाही.

या तेलात रोटंडोन नावाचा एक रेणू असतो. हे नाव नागरमोथ्याच्याच भाऊबंदाच्या, लव्हाळ्याच्या शास्त्रीय नावावरून पडलं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना कळलं की काळ्या मिरीचा खास वास याच रेणूचा. तो इतका तीव्र की २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक जलतरण तलावात २० मिलिग्रॅम विरघळवला तरी नाकाला जाणवावा. पण सगळ्यांच्या नाही. त्याच प्रयोगात साधारण पाचातल्या एकाला भरपूर प्रमाणातही तो आलाच नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही, म्हणजे रेणू पकडणारी प्रथिनं, आहेत आणि त्यांचा संच माणसागणिक थोडा वेगळा असतो. ज्या जनुकांपासून हे ग्राही बनतात, ती लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यासाठीच.

यंदा अभ्यंगस्नानाच्या पहाटे मी उटण्याची वाटी घरात प्रत्येकाच्या नाकाखाली धरली. मला मिरी आणि धूर आला. सुनेला नुसता धूर. आमचे हे डोळे चोळत म्हणाले, "चंदनाचंच आहे ना? बाकी कसलाच वास नाही याला."